बियांका घरात आली: पाणी, दाब आणि चिकमगळूरची कॉफी

११ जानेवारी २०२५

एस्प्रेसोचं यंत्र आलं. लेलिट बियांका, तिसरी आवृत्ती. नुसतं यंत्रच पंचवीस किलोच्या वर भरतं, त्यामुळे खोका लिफ्टपासून ओट्यापर्यंत आणायला नवरा आणि वॉचमनकाका असे दोघं लागले. जागा आधीच मोजून ठेवली होती: फ्रिज आणि सिंकमधला ओट्याचा तुकडा, वर भिंतीतलं कपाट. बियांकाची अडीच लिटरची टाकी डावीकडे, उजवीकडे किंवा मागे, हवी तिथे लावता येते. आमचा ओटा दोन फूट खोल आहे, त्यामुळे टाकी मागे लावली असती तर यंत्र कडेपर्यंत आलं असतं. ती डावीकडे लावली. आता कपाटाखाली हात न घालता भरता येते. रोज हाताळायच्या वस्तूत या सोयीला मी खूप मोल देते.

हेच यंत्र का, ते लिहून ठेवते. दोन लाखांच्या पुढे खर्च करायचा ठरल्यावर ला मार्झोकोची लिनिया मिनी आणि ईसीएमची सिंक्रोनिका, दोन्ही मनात होत्या. दोन्ही भक्कम, दोन्हीत कॉफीसाठी आणि वाफेसाठी वेगळे बॉयलर. बियांकाकडे वळले ते तिच्या डोक्यावरच्या लाकडी पॅडलमुळे. कॉफीवर पाणी किती वेगाने पडावं, ते शॉट (एका वेळचा एस्प्रेसो) चालू असताना हाताने ठरवता येतं आणि त्यासाठी वेगळा जोड विकत घ्यावा लागत नाही.

माझ्या दृष्टीने हे यंत्र पाण्याचं आहे. कॉफी पिकवणारा पिकवतो, भाजणारा भाजतो, ग्राइंडर दळतो. यंत्राकडे उरतं ते पाणी: त्यात काय विरघळलंय, ते किती तापलंय, किती दाबाने आणि किती वेगाने कॉफीतून जातंय. या एकेका गोष्टीची इथे नोंद ठेवणार आहे.

१२ जानेवारी

पाण्याआधी वीज. यंत्राच्या वायरीला युरोपातला गोल, दोन पिनांचा प्लग आहे. त्याचं अर्थिंग प्लगच्या कडेच्या पट्ट्यांवर असतं आणि आपल्या सॉकेटमध्ये त्या पट्ट्यांना भिडणारं काही नसतं. अडॅप्टर लावला तर यंत्र चालेल, पण अर्थिंगशिवाय. पाणी आणि वीज एकाच धातूच्या पेटीत असताना ते मला मान्य नाही. विक्रेत्याला विचारून घेतलं आणि वायरमनदादांना बोलावून १६ अँपिअरचा तीन पिनांचा टॉप बसवून घेतला.

रंगांची नोंद: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थ असते, आणि तीन फेजच्या जोडणीत निळी वायर फेजची असते. म्हणून दादांनी मीटर लावून खात्री केली, मगच टॉप आवळला. ओट्यावरचा मिक्सरचा पॉइंट ६ अँपिअरचा आहे, तो दोन बॉयलरांना पुरणार नाही. गीझरला असतो तसा वेगळा पॉइंट ओढला, त्याला स्वतंत्र एमसीबी.

यंत्र अजून कोरडंच आहे. पाणी तयार झाल्याशिवाय भरायचं नाही.

१३ जानेवारी

आजचा दिवस पाण्याचा.

आमच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी येतं, म्हणजे खडकवासल्याच्या साखळीतलं. ते कमी पडलं की बोअरवेल मिसळतात, उन्हाळ्यात टँकर. टीडीएस मीटरवर महापालिकेचं पाणी शंभरच्या आसपास दिसतं, बोअरवेल मिसळली की तीनशेच्या पुढे. पण हा मीटर पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतो. कॅल्शियम किती, बायकार्बोनेट किती, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी मत्स्यालयवाल्यांकडे थेंबांचा किट मिळतो: एक बाटली काठिण्यासाठी, एक अल्कलिनिटीसाठी, म्हणजे पाण्याची आम्ल सोसण्याची ताकद मोजायला. रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे. हे यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाने तो आधी घ्यावा असं मी म्हणेन.

कॅल्शियम आणि बायकार्बोनेट असलेलं पाणी तापलं की कॅल्शियम कार्बोनेट तयार होऊन धातूवर बसतं. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर येतो तोच हा. एस्प्रेसो यंत्रात पाण्याच्या वाटा इतक्या अरुंद असतात की थोड्या थरानेही प्रवाह बदलतो.

मग घरातलं आरओचं पाणी सरळ ओतलं तर? ते मीटरवर पंचवीसच्या आसपास आहे आणि किटनुसार त्यात काठिण्य जवळजवळ नाही. थर बसणार नाही, पण दुसऱ्या अडचणी येतात. वाफेच्या बॉयलरमध्ये पाणी कुठवर आलंय हे एक धातूची काडी ओळखते. पाणी काडीला टेकलं की त्यातून बारीकसा प्रवाह वाहतो आणि पंप थांबतो. पाणी फार शुद्ध असेल तर वीज वाहत नाही, काडीला पाणी ‘दिसत’ नाही आणि पंप भरतच राहतो. शिवाय बायकार्बोनेट नसलेलं पाणी धातू खातं, आणि त्यात काढलेली कॉफी चवीला टोकदार, आंबट लागते.

यावरचा उपाय घरगुती एस्प्रेसोवाल्यांमध्ये बराच रूढ आहे: शुद्ध पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट. कॅल्शियम नाही, म्हणून थर नाही. पोटॅशियमचे क्षार विरघळलेलेच राहतात. अल्कलिनिटी ५० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या जवळ येते, स्पेशालिटी कॉफी असोसिएशनने सुचवलेल्या ४०पासून फार दूर नाही. काडीला हवी तेवढी वीजही वाहते.

रोज १०० मिलिग्रॅम तोलायला अचूक काटा लागेल, म्हणून दाट द्रावण केलं: खाद्य दर्जाचे १० ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट एक लिटर आरओच्या पाण्यात. त्यातले १० मिलिलिटर एका लिटरला, पूर्ण टाकीला २५. मिसळल्यावर मीटर ऐंशीच्या आसपास. मॅग्नेशियमनं चव खुलते असं बरेच जण सांगतात आणि मला ते पटतं, पण पहिले काही महिने एकच साधं पाणी ठेवणार. चवीत फरक पडला तर तो कशाने पडला हे कळलं पाहिजे.

१४ जानेवारी

संक्रांत. टाकी भरली, पंप चालू केला. आवाज अगदी कमी! आधीच्या छोट्या यंत्रात व्हायब्रेशन पंप होता, सकाळी सगळं घर उठायचं. हा रोटरी पंप आहे. शेजारच्या खोलीत कळतही नाही.

कॉफीचा बॉयलर ९३ अंशांवर, वाफेचा १२५ अंशांवर. बंद भांड्यात १२५ अंश म्हणजे साधारण १.३ बार दाब, आणि काटा तिथेच थांबला. नुसतं पाणी बराच वेळ वाहू दिलं. कॉफी उद्यापासून.

१९ जानेवारी

ग्राइंडर डीएफ६४ आहे, ६४ मिलिमीटरची सपाट पाती. पहिली कॉफी मुद्दाम ओळखीची घेतली: चिकमगळूरची सिलेक्शन ७९५, मध्यम भाजणी. हे वाण बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रातून १९४०च्या दशकात बाहेर पडलं. केंट्स आणि एस. २८८ या दोन जुन्या वाणांचा हा संकर. एस. २८८मध्ये लायबेरिका या कॉफीच्या दुसऱ्या जातीचा अंश आहे, म्हणून या अरेबिकात जरासा मसाल्याचा सूर असतो असं मानतात. मला तो लागतो, आणि तो आवडतो.

पाया असा ठरवला: १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद, ९ बार, पॅडल पूर्ण उघडं. सुरुवातीला कॉफी भळभळा यायची, दळण बारीक करत गेल्यावर धार उंदराच्या शेपटीसारखी झाली. आठवड्याच्या शेवटी चव जागेवर आली: गूळ, थोडी मिरी, शेवटी कोको.

एकामागोमाग काढलेले शॉट एकमेकांसारखे लागतात, हे या यंत्राचं मला सर्वांत आधी जाणवलेलं मोठेपण. जुन्या यंत्रात एकाच बॉयलरला कॉफी आणि वाफ दोन्ही सांभाळायची असायची, तापमान वरखाली व्हायचं. चव बिघडली तर दळण चुकलं की पाणी, हे ओळखता यायचं नाही. आता पाणी स्थिर आहे, म्हणून दळणातला केसभर फरकही कपात कळतो.

२६ जानेवारी

सुट्टी. घरात माणसं होती, म्हणून दूध.

गायीच्या दुधात साडेतीन टक्के स्निग्धांश, फुल क्रीममध्ये सहा. दोन्ही वाफवून पाहिली. फुल क्रीमची चव भरदार, पण फेस जड येतो आणि कॉफी मागे पडते. गायीच्या दुधाचा फेस बारीक, चकचकीत आणि वाहता राहतो. कॅपुचिनोला गायीचं ठरलं. दूध पिशवीतलं, म्हणजे पाश्चराइज केलेलंच. त्यामुळे यासाठी पातेल्यात तापवत नाही. तापवलेल्या दुधाची साय गाळली तरी तिचे तुकडे राहतात आणि फेस फाटतो. फ्रिजमधलं थंड दूध घ्यायचं, सुरुवातीला नळीचं टोक पृष्ठभागाशी ठेवून हवा घ्यायची, मग टोक थोडं आत घेऊन दूध गरगर फिरवायचं, ६० ते ६५ अंशांना बंद. यापुढे गेलं की दुधाचा गोडवा जाऊन उकळलेला वास येतो.

दीड लिटरच्या बॉयलरमध्ये वाफेला दम आहे. पाहुण्यांचे कप लागोपाठ केले, काटा जेमतेम हलला.

सासूबाईंनी पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या, “अगं, कॉफी छान आहे, पण जायफळ कुठंय?” त्यांच्या हिशेबी कॉफी म्हणजे दूध, साखर, जायफळ. मागणी रास्त होती. जायफळाची पूड दुधात घालून वाफवली तर कण नळीच्या भोकांत अडकतील. म्हणून आधी एस्प्रेसो काढला, त्याच्या गरम क्रेमावर (वरच्या तपकिरी फेसावर) जायफळ किसलं, वरून दूध ओतलं. क्रेमातल्या तेलाने वास धरला आणि शेवटच्या घोटापर्यंत राहिला. सिलेक्शन ७९५ला जायफळ फार शोभतं. त्यांचा कप आता रोज असाच होतो, आणि आठवड्यातून एखादा माझाही.

२ फेब्रुवारी

पॅडल. ज्यासाठी यंत्र घेतलं ते.

कॉफी बदलली: बाबाबुडनगिरीतल्या रत्नागिरी इस्टेटची, धुतलेली (पाण्याने गर काढून वाळवलेली), हलकी भाजणी. (आपल्या कोकणातल्या रत्नागिरीशी संबंध नाही, हा मळा कर्नाटकातला.) याच डोंगररांगेत बाबा बुडन यांनी येमेनहून आणलेल्या सात बिया सतराव्या शतकात लावल्या, असं सांगतात. आपल्या कॉफीची सुरुवात तिथली मानतात.

हलकी भाजलेली बी टणक असते, तिच्यातून अर्क निघायला वेळ लागतो. पॅडल पूर्ण उघडं ठेवून सरळ ९ बारवर काढली, तर एकाच घोटात आंबटही लागली आणि कडूही. कोरड्या पुडीवर एकदम पूर्ण दाब पडतो तेव्हा पाणी सगळीकडून सारखं झिरपत नाही, जिथे फट मिळेल तिथून धावतं. त्या वाटेवरची पूड जास्त धुतली जाते म्हणून कडू, बाकीची तशीच राहते म्हणून आंबट. तळ उघडा असलेल्या पोर्टफिल्टरखाली (पूड धरणाऱ्या दांडीवाल्या भांड्याखाली) हे डोळ्यांनी दिसतं: एका बाजूने फिकट पिचकारी, दुसरीकडे काळा कोरडा डाग.

मग पॅडल जवळजवळ बंद ठेवून सुरुवात केली. ग्रुपवरच्या, म्हणजे कॉफीवर पाणी सोडणाऱ्या भागावरच्या, काट्याने दोन-तीन बार दाखवले. पूड हळूहळू भिजली, बास्केटच्या, म्हणजे पुडीच्या चाळणीच्या, खाली सगळीकडे एकसारखे थेंब फुटले. यात दहा-बारा सेकंद जातात. तिथून पॅडल उघडत साडेआठ बारपर्यंत. कॉफी वाहू लागली की पुडीतला ऐवज कमी होतो, तिचा विरोध घटतो आणि धार आपोआप पळू लागते. त्याच वेळी पॅडल परत ओढत दाब पाच-सहा बारवर आणला, म्हणजे धार शेवटपर्यंत एकाच जाडीची राहिली. १८ ग्रॅमवर ४५ ग्रॅम, साधारण चाळीस सेकंद, आणि दळण नेहमीपेक्षा बारीक. एवढं बारीक दळण सरळ ९ बारवर चाललं नसतं, यंत्र गुदमरलं असतं.

कपात संत्र्याची साल, काकवी, आणि गिळल्यावर बराच वेळ टिकणारा स्वच्छ गोडवा. ही कॉफी मी वर्षभर पेपर फिल्टरमधून पितेय, पण तिच्यात एवढं काही आहे हे आज कळलं. मला फार आनंद झाला.

तापमान ९४ केलं तेव्हा गोडवा आणखी खुलला. ९५ला किंचित तुरट. ९४ कायम.

१५ फेब्रुवारी

आजच्या तारखेचं निमित्त. १५ फेब्रुवारी १९६१ला इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. त्याच वर्षी फाएमा कंपनीच्या एर्नेस्तो व्हालेंते यांनी आणलेल्या यंत्राला ग्रहणावरून ई६१ नाव पडलं. बियांकाच्या पुढच्या बाजूला जो चकचकीत ग्रुप आहे तो त्याच रचनेचा.

त्याआधीची चांगली यंत्रं आकिले गाज्जियांच्या पद्धतीची, स्प्रिंग आणि लांब दांड्याची होती. दाब स्प्रिंगचा, स्प्रिंग ताणायला माणसाचा दंड. व्हालेंतेंनी ते काम विजेच्या पंपाला दिलं आणि दाब शॉटभर सारखा राहू लागला. माझ्या पॅडलने आज मी तो दाब पुन्हा हाताने वरखाली करते. स्प्रिंग सैल होत जाते तसा जुन्या यंत्रांचा दाबही शेवटी उतरायचा. तोच उतार मी २ फेब्रुवारीला पॅडलने आणत होते. पंप आला म्हणून तो गुण वाया गेला नव्हता, हे कळल्यावर व्हालेंते आणि गाज्जिया दोघांबद्दलचा आदर वाढला.

ग्रुप म्हणजे क्रोमचा मुलामा दिलेलं चारेक किलो पितळ. त्याला गरम ठेवायला वेगळा पंप नाही. बॉयलरमधलं गरम पाणी वरच्या नळीने ग्रुपमध्ये चढतं, तिथे उष्णता देऊन जड होतं, खालच्या नळीने परत जातं. हे चक्र आपोआप चालू राहतं. पण एवढं पितळ तापायला वेळ लागतो. पडद्यावर ९३ दहा-पंधरा मिनिटांत दिसतं, तरी ग्रुप थंडच असतो आणि पहिला शॉट आंबट येतो. अर्धा तास हवा, पोर्टफिल्टर लावून ठेवून. १६ अँपिअरचा टायमर लावला: सकाळी साडेपाचला चालू, सहाला कॉफी. ज्याला उठल्याबरोबर पाच मिनिटांत कॉफी हवी, त्याला मी हा ग्रुप सुचवणार नाही.

२२ फेब्रुवारी

रोबस्टा. भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे ७० टक्के रोबस्टा आहे आणि आपली कॉफी सर्वाधिक घेणारा देश इटली. तिकडच्या अनेक एस्प्रेसो मिश्रणांत आपली धुतलेली रोबस्टा असते, क्रेमासाठी आणि अंगासाठी. इकडे मात्र स्पेशालिटीच्या दुकानांत अरेबिकाचंच कौतुक जास्त. मला हे पटत नाही. मन लावून पिकवलेली, नीट धुतलेली कापी रोयाल ही वरच्या दर्जाची रोबस्टा चाखल्यावर कुणालाच पटणार नाही.

सत्तर टक्के सिलेक्शन ७९५, तीस टक्के कापी रोयाल. पाणी ९१ अंश, दाब ७ बार, १८ ग्रॅमवर ३२. रोबस्टातून अर्क पटकन निघतो, म्हणून गरमी आणि जोर दोन्ही कमी. क्रेमा जाड, साखर घातली तर ती क्षणभर वर तरंगते. दुधात हे मिश्रण सर्वांत छान. जायफळालाही.

मॉन्सून्ड मलबारही करून पाहिली. पावसाळ्यात मंगळूरच्या किनाऱ्यावरच्या दमट वाऱ्यात फुगवलेली ही बी, आंबटपणा जवळजवळ नाही. ९० अंशांवर बरी. अंग भरपूर, पण दोन घोटांनंतर माझं मन भरलं.

९ मार्च

देखभाल. दिवसाअखेर आंधळं (भोकं नसलेलं) बास्केट लावून नुसत्या पाण्याने बॅकफ्लश, म्हणजे पाणी उलटं ढकलून ग्रुप धुणं. डिटर्जंटने क्वचितच, कारण ई६१च्या दांड्यामागच्या कॅमवरचं वंगण तो धुऊन टाकतो. दांडा जड वाटू लागला की खाद्य दर्जाचं सिलिकॉन ग्रीस. दुधाची नळी प्रत्येक वापरानंतर ओल्या फडक्याने पुसून क्षणभर वाफ सोडायची.

अजून एक. वाफेच्या बॉयलरमधून बाहेर पडते ती शुद्ध वाफ, क्षार मागे साचतात. म्हणून आठवड्यातून एकदा गरम पाण्याच्या नळातून भरपूर पाणी काढून टाकते, तेवढं ताजं आत येतं. काढलेलं पाणी मीटरवर टाकीच्या पाण्यापेक्षा जास्तच दिसलं, म्हणजे करणं गरजेचं आहे.

३० मार्च

पाडवा. सकाळी सगळ्यांसाठी कप झाले, श्रीखंडाबरोबर रत्नागिरीचा एस्प्रेसो. दोन्हींचा आंबटपणा एकमेकांना धरून होता.

उन्हाळा आकड्यांत दिसू लागलाय. तेच दळण ठेवलं तर धार जानेवारीपेक्षा वेगळी येते, त्यामुळे दोन-तीन दिवसांनी ग्राइंडर थोडा सरकवते. सोसायटीत टँकर सुरू झाले. आरओतून येणारं पाणी पंचवीसवरून पन्नासच्या वर गेलंय. आत येणारं पाणी जड झालं आणि गरमही झालं की पडदा जास्त क्षार सोडतो. किटमध्ये काठिण्याचा पहिला थेंबही आता रंग धरतोय. फार नाही, पण जानेवारीत नव्हता.

पुढची कामं: आरओचा पडदा बदलून घेणं आणि तोवर दर रविवारी काठिण्य तपासणं. ग्रुपचं साडेआठ मिलिमीटरचं सिलिकॉन गॅस्केट मागवून ठेवणं. नव्या हंगामाची अरेबिका भाजणाऱ्यांकडे आली की तीच रत्नागिरी पुन्हा, आणि या वेळी मॅग्नेशियम घालून एक टाकी, न घालता एक टाकी.